दोन ट्राय आणि एक टेक

"पपईत हवा भरायची का?"

बन्सीकाकांनी विचारलं आणि मी कपाळावर हात मारला. गारखेड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं सायकलचं दुकान आहे. पुढं पत्र्याची शेड. शेडखाली एका बाजूला पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं, दुसऱ्या बाजूला पारूबाईंचा फळांचा गाडा. नवरात्र चालू होतं, म्हणून पारूबाईंकडं उपासवाल्यांची झुंबड उडालेली. आणि पाऊस तर असा, की पत्र्यावर कुणी ताशाची तालीमच करतंय.

"काका, पपई नाही हो. रग्बीचा बॉल आहे!"

"तेच ते. पण याला सुई लागती. माझ्याकडं नाय."

"मग आता?"

"मग तोंडानं फुगव."

पारूबाई खो-खो हसल्या. मी बॉल पोटाशी धरला. बिचारा मऊ पडला होता… पिकल्या पपईसारखाच, पण हे मी मेले तरी कबूल करणार नव्हते.

"माझ्याकडं आहे सुई."

आवाज मागून आला. वळून बघितलं, तर एक मुलगा उतरलेली चेन घेऊन सायकलजवळ उकिडवा बसलेला. चष्म्यावर वाफ धरलेली. हात ग्रीसनं काळे. आणि गळ्यात, काळ्या दोरीत ओवलेली, चक्क एक शिट्टी! त्यानं खिसा चाचपून सुई काढली, बॉलकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत बॉलकडं बघितलं. मग अगदी हळू, घरातली वाईट बातमी सांगावी तसा म्हणाला,

"काल… कॅनडानं हरायला नको होतं."

मी बॉल सोडलाच. तो थेट घमेल्यात पडला आणि बन्सीकाकांच्या अंगावर पाणी उडालं.

तुम्हाला सांगते, त्या क्षणी मला काय वाटलं ते कळायचं असेल तर माझा तो अख्खा रविवार कळायला हवा. आदल्या दिवशी बायकांच्या रग्बी वर्ल्ड कपची फायनल झाली होती. लंडनमध्ये. इंग्लंड विरुद्ध कॅनडा. मी ती पप्पांच्या मोबाईलवर बघितली, लाइट गेलेली असताना, गोधडीत बसून. संपली तेव्हा माझ्या पोटात इतकं काही साठलं होतं की कुणाला तरी सांगितलं नसतं तर शिवण उसवली असती. सकाळी उठून मम्मीला सांगितलं, इंग्लंड जिंकलं. ती पोहे परतत म्हणाली, "मग आपल्याला काय?" पप्पा म्हणाले, "आज पाकिस्तान हाय गं, ते बघ." कारण त्या रविवारी आशिया कपची फायनल होती, तीही पाकिस्तानशी, आणि सगळ्या शहराच्या डोक्यात फक्त क्रिकेट. माझी मैत्रीण स्वराली, जी आमच्या टीमची कॅप्टन आहे, कॅप्टन!, ती तर पहिल्या हाफमध्येच झोपली होती. म्हणजे इतका मोठा वर्ल्ड कप संपला आणि त्याचं दुःख करायला, त्याचा आनंद करायला गारखेड्यात मी एकटी.

आणि आता हा. वाफेच्या चष्म्याचा.

"तू बघितलीस?" मी ओरडलेच. "पूर्ण?"

"पूर्ण. बक्षीस देईपर्यंत."

"आणि तो ट्राय? कॅनडानं पहिला मारला, आणि मग इंग्लंडच्या फुलबॅकनं…"

"अर्ध्या मैदानातून!"

"सगळ्यांना असं… असं… असं चकवत!" मी घमेल्यातून बॉल काढला आणि शेडखाली तीन माणसांना चकवून दाखवलं. त्यातला एक माणूस केळी निवडत होता. तो घाबरून भिंतीला टेकला.

मुलगा हसला. चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसायला लागला. त्याचे डोळे चष्म्याशिवाय फार लहान आणि फार खरे दिसत होते. (हे मी तेव्हा बघितलं नाही. नंतर आठवलं. ठीक आहे, तेव्हाच बघितलं.)

"पण कॅनडा…" तो म्हणाला. "वर्गणी काढून आल्या होत्या त्या. माहितीय?"

"माहितीय म्हणजे! म्हणून तर मी त्यांच्याकडून होते. आमची टीमपण वर्गणीचीच. गणपती मंडळवाल्यांकडून बूट घेतलेत आम्ही."

"तू खेळतेस?"

हे विचारताना त्यानं वर बघितलं. मी खांदे सरळ केले. आठवीपर्यंत मी खांदे पाडून चालायचे बरं का. वर्गात सगळ्यात उंच, सगळ्यात रुंद, म्हणून फोटोत मागं, प्रार्थनेत मागं, नाचात तर नाहीच. नववीत खेळाच्या सरांनी हातात बॉल दिला आणि म्हणाले, मेघा, हे खांदे लपवायला नाहीत. तेव्हापासून मी अशी उभी राहते. आता दहावीत तर दारातून तिरकी होऊन जाते, इतकी ऐटीत.

"खेळते म्हणजे? परवाच दोन ट्राय मारले! एक डावीकडून, एक मधून. दोन्ही सगळ्यांसमोर. सर टाळ्या वाजवत होते."

"भारी!" तो सुई बॉलमध्ये घालत म्हणाला. "मी आयुष्यात एकच ट्राय मारला. तोही रद्द झाला."

"का?"

"नाशिकला होतो तेव्हा. पाय बाजूच्या रेषेवर पडला होता, म्हणजे बाहेर. मला कळलंच नाही, पण पंचांना दिसलं. इतकासाच पाय लागला… तरी त्यांना दिसला. मग मला वाटायला लागलं, खेळण्यापेक्षा हे बघता आलं पाहिजे." त्यानं शिट्टीला बोट लावलं. "मला रेफरी व्हायचंय."

सगळ्यांना शिट्टीनंतर पळायचं असतं. याला शिट्टी वाजवायची होती. मला ते इतकं आवडलं की मी पटकन पावसाकडं बघितलं.

बन्सीकाकांनी पंप मारला. बॉल टणक झाला. त्याचं नाव हिमांशू, अकरावीला आहे, वडिलांची बँकेत बदली झाली म्हणून जूनमध्ये नाशिकहून आलाय आणि कालपासून आमच्या सरांना मदत करायला मैदानावर येणार होता, पण पावसानं मैदान बंद… एवढं सगळं मला पाऊस उघडेपर्यंत कळलं. जाताना म्हणाला, "सुई ठेव तुझ्याकडं. उद्या मैदानावर दे."

"उद्या नक्की."

मला काय माहीत, की पारूबाईंनी या सगळ्या गोष्टीतलं फक्त तेवढंच ऐकलं होतं, जे ऐकायला नको होतं.

घरी आले तर मम्मी दारात. कंबरेवर हात. मामाच्या गावाला, लासूर स्टेशनला, कापूस पाण्यात उभा होता, त्या काळजीनं ती सकाळपासूनच धुमसत होती. आत आबा, म्हणजे माझे आजोबा साहेबराव, पलंगावर पेपर घेऊन बसलेले. पेपर उलटा होता. म्हणजे प्रकरण गंभीर.

"कोण ते दोघं?" मम्मी म्हणाली.

"कोणते दोघं?"

"ज्यांच्यावर ट्राय मारला!"

मला काही समजेना. आता जे आपल्या शहरातले नाहीत त्यांना सांगते, की आपल्याकडं 'ट्राय मारणं' म्हणजे काय असतं. कट्ट्यावरची पोरं म्हणतात ना, "वो ट्राय मार रहा उसपे"… तेच. एखाद्याच्या मागं लागणं. लाइन देणं. पण माझ्या डोक्यात तेव्हा फक्त रग्बी. रग्बीत बॉल घेऊन समोरच्यांच्या रेषेपलीकडं जाऊन तो जमिनीला टेकवला की त्याला ट्राय म्हणतात आणि पाच गुण मिळतात. म्हणून मी अगदी अभिमानानं उत्तर दिलं.

"दोघं नाही मम्मी, दोन. एक डावीकडून मारला, एक मधून."

"अगं भवाने!"

"पारूबाईंनी सांगितलं होय? बघ, त्यांनापण कौतुक!"

"कौतुक? ती म्हणती, पोरगी सगळ्यांसमोर मारला म्हणून छाती पुढं काढून सांगत व्हती!"

"सगळ्यांसमोरच मारतात! सर टाळ्या वाजवत होते."

"सर?" मम्मी पलंगावर बसलीच. "आबा, ऐकलं का? मास्तर टाळ्या वाजवतो म्हणे!"

आबांनी पेपर सरळ केला. "आन् ते चष्म्याचं पोरगं कोण?"

"तो हिमांशू. त्यानं बिचाऱ्यानं एकच मारलाय. तोपण रद्द झाला."

"बरं झालं रद्द झाला!" मम्मी म्हणाली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि मी हसायला लागले. हसायला नको होतं. पोट धरून हसणाऱ्या मुलीचं कुणी ऐकून घेत नाही. मी सांगितलं, अगं तो ट्राय वेगळा, हा ट्राय वेगळा, थांब व्हिडिओ दाखवते… तर मोबाईल पहिला जप्त. मम्मीनं शेवटी थोडंफार मानलंही, पण तिचं म्हणणं एकच.

"असंल तुमचा खेळातला शब्द. पण गल्लीला काय माहीत? आज पारूबाई बोलली, उद्या समदा गारखेडा बोलंल. ते काय नाय. रग्बी बंद."

"मम्मी! रविवारी जिल्ह्याची मॅच आहे!"

"बंद म्हणलं ना."

त्या रात्री भारत जिंकला. गल्लीत फटाके उडाले, पप्पा दारात नाचले, आणि मी आतल्या खोलीत बॉलला टेकून बसले होते. हातात सुई. ज्याला द्यायची होती त्याला उद्या भेटताच येणार नव्हतं. इतकी छोटी सुई… पण टोचत होती खरी.

सोमवार गेला. मंगळवार गेला. शाळेत स्वराली भेटायची. ती म्हणाली, "तो चष्मिश रोज विचारतो. मेघा का येत नाही? मी सांगून टाकलं सगळं."

"काय सगळं?"

"ट्रायचं. इतका लाल झाला ना! मग म्हणाला, चूक माझीपण आहे, मीच जोरात बोललो."

"तो? जोरात? तो कुजबुजतो गं. जोरात मीच बोलते."

"हे मीपण सांगितलं त्याला," स्वराली म्हणाली. मग डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं. "काय गं मेघे… तो खरंच ट्राय मारतोय का तुझ्यावर?"

"गप." पण कानाच्या पाळ्या गरम झाल्या त्या झाल्याच.

दसऱ्याला, म्हणजे आमच्या घरी अशोक विजयादशमीला, आम्ही सकाळीच विद्यापीठामागच्या बुद्ध लेणीला जाऊन आलो. सगळे पांढऱ्या कपड्यांत, पायऱ्यांवर नुसती पांढरी नदी. घरी परतलो, मम्मीनं खीर चढवली, आणि दारावर टकटक.

हिमांशू. केस पाणी लावून बसवलेले. हातात आपट्याच्या पानांची जुडी.

"नमस्कार आजोबा. सोनं घ्या… सोन्यासारखं राहा," तो एका दमात म्हणाला. नक्की रस्ताभर पाठ केलं असणार.

आबांनी त्याच्याकडं बघितलं. पानांकडं बघितलं. आमच्या पांढऱ्या कपड्यांकडं त्यानंही बघितलं, मग भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोकडं, ताज्या हारांकडं… आणि त्याचा चेहरा असा उतरला, की मला दारामागून त्याला उचलून घ्यावंसं वाटलं. बॉलसारखं हो. बॉलसारखं.

"जय भीम, बाळा," आबा म्हणाले. "आमच्यात सोनं नसतं वाटत. आमचा आज धम्मचक्राचा दिवस."

"सॉरी आजोबा. आजी म्हणाली, कुणाकडं मोकळ्या हातानं जाऊ नये, म्हणून… मला विचारायला हवं होतं."

"आरं, त्यात काय? तू सोनं आणलं, आम्ही खीर देऊ. फिट्टंफाट. ये आत."

मम्मी स्वयंपाकघराच्या दारात, हातात पळी. "हाच का त्यो? एकच मारलेला?"

"हो काकू." हिमांशू चष्मा सावरत म्हणाला. "तेच सांगायला आलोय. दाखवलं तर चालेल का? बॉल आहे का घरात?"

बॉल मम्मीनं माळ्यावर टाकला होता. आबांनी हुकूम सोडला, तो खाली आला. पुढं जे झालं ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुंदर प्रात्यक्षिक होतं. हिमांशूनं चप्पल काढून बाहेरच्या खोलीत पोझिशन घेतली. आबांना म्हणाला, तुम्ही आडवे या. आबा लुंगी आवरून खरंच आडवे आले. तो डावीकडून वाकला, पलंगाला वळसा घातला, कूलरला गुडघा आपटला, "आई गं" म्हणाला, आणि लंगडत लंगडत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडं बॉल अलगद टेकवला. मम्मीच्या पायाशी.

"हा ट्राय," तो धापा टाकत म्हणाला.

मम्मी खाली बघत राहिली. "एवढंच?"

"एवढंच. फक्त मधे सात जणी अडवायला असतात. मेघानं परवा असे दोन मारले, काकू. आमच्या नाशिकच्या मुलांनापण जमत नाही."

मम्मीनं माझ्याकडं बघितलं. फार दिवसांनी तिनं माझ्या खांद्यांकडं बघितलं असावं.

पण मजा तर आबांनी केली. ते पलंगावर बसून विचार करत होते. म्हणाले, "म्हंजी पळत जायचं आन् पल्याड जाऊन टेकवायचं. मग त्याला टेक म्हणा की सरळ! इंग्रजी शब्दापायी पोरगी बदनाम."

"टेक…" हिमांशू म्हणून बघायला लागला. "टेक. छान आहे आजोबा."

"छान काय, खरा हाय. टेक म्हंजी दुसरं बी असतं बाबा. माणसाची टेक. धरलं ते धरलं, मग कुणी का आडवं येईना." आणि पळीकडं बघून, "सूनबाई, खीर द्या पोराला. गुडघा सुजला त्याचा."

त्यानं दोन वाट्या खीर खाल्ली. मी वाढत होते. वाटी घेताना तो हळूच म्हणाला, "सुई?"

"आहे जपून."

"नको देऊ अजून," तो म्हणाला, आणि चष्म्यावर खिरीची वाफ धरली.

मम्मीनं निकाल दिला. "रविवारी मी सोता येणार. बघते काय टेकवता ते. मग ठरवीन."

म्हणजे माझं सगळं त्या एका मॅचवर आलं. मॅच जिंकण्यावर नाही हं. मम्मीनं बघण्यावर.

रविवारी सकाळी पाऊस उघडला होता. क्रीडा संकुलाच्या मैदानावर सरांनी ओल्या गवतावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा नव्यानं मारल्या होत्या. समोर कन्नड तालुक्यातल्या शाळेच्या मुली, एकेक अशी की जणू रोज डोंगर चढून शाळेत येते. बाजूच्या रेषेवर, पिवळा झेंडा हातात घेऊन, सरळ उभा हिमांशू. आणि कडेला प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर आबा, मम्मी आणि… पारूबाई! मम्मीनं त्यांना मुद्दाम आणलं होतं. "तिनंच पसरवलं, तिनंच बघावं."

पहिला ट्राय… चुकले, पहिली टेक मी मारली. मधून. तिघींना अंगावर घेत. उठून बघितलं तर मम्मी उभी! पदर खोचलेला. आबांनी शिकवलेला शब्द ती पार विसरली होती. अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"मेघेऽऽ! अजून एक ट्राय मार! ट्राय मार गं!"

पलीकडं बसलेल्या दोन बायकांनी दचकून वळून बघितलं. पारूबाई त्यांना समजावत होत्या, "तसला न्हाय हो बाई, तसला न्हाय! पाच मार्कांचा असतो!"

मला पळता पळता हसू आवरेना.

कन्नडच्या मुली मात्र हसत नव्हत्या. त्यांनी दोन मारले, आणि एकावर किक मारून दोन गुण जास्तीचे घेतले. स्वरालीनं आमचा एक मारला. शेवटचं मिनिट आलं तेव्हा आम्ही दोनच गुणांनी मागं. स्वरालीनं माझ्याकडं पास दिला, आणि समोर… मोकळी पट्टी. बाजूच्या रेषेला लागून. मी सुटले. अशी सुटले की काय सांगू! वारा कानात, चिखल गालावर, मागं सहा जणी, आणि मला वाटलं मी लंडनमध्येच आहे. शेवटची मुलगी अंगावर आली, मी डावीकडं झुकले, निसटले, रेषेपलीकडं पडले. बॉल टेकवला. मम्मीची किंकाळी. पारूबाईंची शिट्टी! (त्यांना दोन बोटं घालून शिट्टी वाजवता येते हे त्या दिवशी कळलं.)

मी वळून बघितलं.

झेंडा वर होता.

हिमांशूचा हात सरळ, वर. झेंडा एवढासासुद्धा हलत नव्हता. चेहरा पांढराफटक. रेफरी सरांनी त्याच्याकडं बघितलं, हातानं खूण केली. पाय रेषेवर. ट्राय नाही.

आणि मॅच संपली.

खरं सांगू? मला तेव्हा तो मुळीच आवडत नव्हता. मला वाटलं, अरे, तूच? माझ्या घरात येऊन गुडघा फोडून घेणारा तू? सगळ्या मैदानात हे फक्त तुलाच दिसलं? थोडा डोळा झाकला असतास तर कुणाला कळलं असतं? मी त्याच्याकडं न बघता कडेला येऊन बसले. स्वरालीनं डोक्यावर टॉवेल टाकला.

टॉवेलच्या आतून मला मम्मीचा आवाज आला.

"काय रे पोरा! आमच्या खिरीला जागला नाहीस!"

टॉवेल बाजूला केला. मम्मी त्याच्यासमोर उभी, कंबरेवर हात. तो खाली मान घालून. झेंड्याची गुंडाळी करत होता, सुटत होती, परत करत होता. मी बरोबर होतो, असंसुद्धा म्हणाला नाही. नुसता उभा.

मी बूट काढायला वाकले. आणि थांबले.

डाव्या बुटाच्या बाहेरच्या कडेला पांढरा पट्टा होता. ओली फक्की. बोटाच्या पेराएवढा. पण होता.

इतकासाच पाय लागला. तरी त्याला दिसला.

मी बूट हातात घेऊन, एका पायात मोजा आणि चिखल घेऊन, तिथं गेले. "मम्मी." बूट तिच्यासमोर धरला. "हे बघ. पाय पडला होता. त्यानं बरोबर केलं."

मम्मीनं बूट बघितला. पारूबाईंनीही वाकून बघितला. आबा खुर्चीतून उठून आले, बोटानं फक्की पुसून बघितली, आणि हिमांशूच्या पाठीवर थाप मारली.

मम्मीनं खोचलेला पदर सोडून नीट केला. मग मला म्हणाली, "पुढल्या साली आत पळायचं. रेषेला कशाला चिटकतीस?"

पुढल्या साली! ऐकलंत ना तुम्ही? पुढल्या साली!

मी तिला अशी मिठी मारली की तिच्या पिवळ्या साडीवर अख्खी मेघा उमटली, चिखलाची. ती ओरडत होती, पारूबाई हसत होत्या, "घ्या गं पोरींनो" म्हणत केळी वाटत होत्या. कन्नडच्या मुलींनाही दिली. हरलेल्या टीमच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी कधी बघितला नव्हता, कॅनडाच्यासुद्धा नाही.

थोड्या वेळानं मैदान रिकामं झालं. मम्मी आणि आबा गेटजवळ रिक्षा ठरवत होते. मी कडेच्या पायरीवर बूट घालत बसले होते. हिमांशू आला. दोन पायऱ्या सोडून बसला. मग एक पायरी सोडून.

"रागावलीस?"

"रागावले होते. बूट बघेपर्यंत."

"हात वर करताना मला वाटलं, आता ही आयुष्यात बोलणार नाही."

"मग का केलास?"

तो चष्मा पुसायला लागला. आज त्यावर वाफ नव्हतीच. "इंग्लंडपण आधीची फायनल हरलं होतं," तो म्हणाला. "मग कालच्या रविवारच्या आदल्या दिवशी… म्हणजे परवाच्या शनिवारी… म्हणजे…"

"कळलं. जिंकलं."

"तर तू जिंकशील. खरी. कुणी मागून म्हणणार नाही की पाय पडला होता."

वर आभाळ परत भरून येत होतं. एक थेंब त्याच्या झेंड्यावर पडला, एक माझ्या गुडघ्यावर. मी तो पुसला नाही.

"हिमांशू, स्वराली काय म्हणते माहितीय?"

"काय?"

"म्हणते, तू माझ्यावर ट्राय मारतोयस."

शब्द तोंडातून गेला आणि मीच गार पडले. आठवीतली मेघा हे कधीच बोलली नसती. ही बोलली. खांदे सरळ ठेवूनच बोलली, पण आत काय चाललं होतं ते माझं मला माहीत.

त्यानं मान हलवली. "नाही."

"नाही?" मी बांधलेली नाडी परत सोडली. "बरं. म्हणजे, ठीकच. मी आपलं…"

"ट्राय नाही, मेघा." त्याचे कान लालबुंद झाले होते. तो मैदानाकडं, त्या पुसट पांढऱ्या रेषेकडं बघत होता, आणि मग त्यानं धीर करून माझ्याकडं बघितलं. "ट्राय मारणारे लई असतात. माझी… टेक आहे."

लई म्हणाला! नाशिकचा हा मुलगा, लई म्हणाला!

मला हसू आलं, आणि डोळ्यांत काहीतरी आलं, आणि दोन्ही एकदम आल्यामुळं मी नाक ओढलं, जे अजिबात रोमँटिक नव्हतं.

"पुढचा वर्ल्ड कप माहितीय कधी आहे?" मी विचारलं.

"चार वर्षांनी. ऑस्ट्रेलियात."

"त्याची फायनल मी एकटी गोधडीत बसून बघणार नाही."

"चार वर्षं…" तो म्हणाला. मोजल्यासारखं नाही, चव घेतल्यासारखं.

"का? टेक म्हणालास ना?"

"हो."

"मग? धरलं ते धरलं."

"धरलं," तो म्हणाला.

"मेघेऽऽ!" गेटजवळून मम्मीचा आवाज. "रिक्षावाला थांबना गेला! आन् त्या झेंडेवाल्याला बी आण, पाऊस येतोय! मागं बसंल पारूबाईजवळ!"

आम्ही उठलो. पाऊस आलाच. तो पुढं पळाला, झेंडा डोक्यावर धरून, आणि मी बॉल घेऊन मागं. मग मी त्याच्या पुढं गेले. अर्थातच.

रिक्षात बसल्यावर त्यानं पारूबाईंच्या टोपलीआडून हात पुढं केला. "सुई दे ना आता. सरांचे सगळे बॉल बसलेत."

मी दप्तराच्या आतल्या कप्प्यावर हात ठेवला. तिथं होती ती, रुमालात गुंडाळून.

"चार वर्षांनी," मी म्हणाले.